करंडकावर घोडा जगत नाही

ज्यांच्या दारात घोडा बांधलेला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जळगाव-धुळ्यातल्या ज्या घरात पोरीने किंवा पोराने घोडेस्वारीचा हट्ट धरला आहे, त्या आईबापांसाठीही. आणि शेवटचा थोडा भाग त्या शेठ मंडळींसाठी, ज्यांच्या दुकानाची पाटी लांबून वाचता येते.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि त्याच्या आसऱ्याने घोड्यांचा बाजार. जाणती माणसं तो तीनशे वर्षांहून जुना सांगतात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तोवर सारंगखेडा धुळे जिल्ह्यातच होतं. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून मारवाडी, काठेवाडी, नुकरा घोडे येतात. दरवर्षी एखाद्या घोड्याची किंमत कोटीत सांगितली जाते. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला झुंबड उडते, पेपरात बातमी येते, आणि आपल्याकडच्या चार पोरांच्या डोक्यात तो आकडा घर करून बसतो. भाऊ, सांगितलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत फार अंतर असतं. असा घोडा पुष्कळदा आला तसा परत जातो आणि मालकाला त्याचं काही वाटत नाही. त्याला घोड्याचं नाव करायचं असतं. नाव झालं की त्या घोड्यापासून घोड्या फळवायला लोक येतात, त्याच्या शिंगरांना भाव येतो. कोटीचा आकडा ही त्याची जाहिरात आहे, आणि ती त्याला फुकटात मिळते. आपण मात्र तो आकडा खरा धरून उसनवारीवर घोडा घ्यायला निघतो. कर्ज काढून शौकाचा घोडा घेऊ नका, हे पहिलं सांगणं.

आधी खर्च मोकळेपणाने मांडू. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो कोरडा आहार लागतो. त्यात गवत, कडबा, कोंडा, हरभरा, जव सगळं आलं. पाणी पंचवीस-तीस लिटर, वैशाखात त्याहून पुष्कळ जास्त. चार ते सहा आठवड्यांनी नालबंद बोलवायचा. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, दातांची तपासणी. खरारा करायला आणि लीद उचलायला माणूस. घोडी गाभण राहिली की अकरा महिने, आणि शिंगरू झालं की त्याच्या पाठीवर खोगीर घालायला निदान तीन वर्षं थांबायचं. म्हणजे आज घोडी फळवली तर पहिला खरा पैसा चार वर्षांनी. मध्येच पोटशूळ उठला तर एका रात्रीत घोडा हातचा जातो. विमा काढणारे आपल्याकडे थोडे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विम्यात पशुपालकाने भरायचा वाटा फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा. लाजू नका.

आता यात्रेतली कमाई. रेवाल चालीची शर्यत, घोडीचा नाच, देखणेपणाची स्पर्धा. जिंकलात तर करंडक, फेटा, थोडी रोख रक्कम आणि पेपरात फोटो. टेम्पोचं भाडं आणि सोबतच्या माणसांचं जेवणखाण वजा केलं की रोख किती उरते ते तुम्हीच बघा. तो फोटो मात्र जपून ठेवा, पुढे पुरस्कर्त्याकडे जाताना कामाला येईल.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. युरोपातले नावाजलेले स्वारसुद्धा सहसा बक्षिसांवर घर चालवत नाहीत. ते तरणे घोडे तयार करून विकतात, शिकवण्या घेतात आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसतात. यातली तिसरी गोष्ट आपल्या इतिहासात चांगली ओळखीची आहे. शिवकाळात घोडदळात शिलेदार असत आणि बारगीर असत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. बारगिराला दोन्ही सरकारी पागेतून मिळायचं. महाराजांनी भर दिला तो पागेवर. कारण उघड आहे. घोडा मेला तर शिलेदार घरी बसणार, बारगिराला दुसरा घोडा मिळणार. आजचे मोठे स्वार बघा, पुष्कळसे बारगीरच आहेत. घोडा कुणा धनिकाचा किंवा कंपनीचा, अंगमेहनत आणि डोकं स्वाराचं. म्हणून पोराला घोडेस्वारीत उतरवायचं असेल तर पहिल्याच दिवशी घोडा विकत घेऊ नका. दोन-तीन वर्षं त्याला दुसऱ्याच्या पागेत राबू द्या. लीद उचलू दे, तोबरा बांधू दे, चार स्वभावांच्या घोड्यांवर बसू दे. त्यात टिकला तर घोड्याचं बघू.

फौआद मिर्झा हा बंगळुरूचा स्वार. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने इव्हेंटिंगमध्ये (घोडेस्वारीचे तीन प्रकार मिळून होणारी स्पर्धा) वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली, पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून तेविसावा आला. त्याच्यामागे बांधकाम व्यवसायातला एम्बसी समूह वर्षानुवर्षं उभा होता. एका यात्रेपुरता फ्लेक्स लावून तो मोकळा झाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं सोनं ४१ वर्षांनी आलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता, कोलकात्याचा अनुष अगरवाला, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला. धुळ्याचा आग्रा रोड धरून सरळ वर गेलं की इंदूर. इतक्या जवळच्या गावातली मुलगी तिथवर गेली, हे आपल्या पोरींना जरूर सांगा. पण सोबत हेही सांगा की ही मुलं युरोपात राहून शिकली, घोडेही तिकडेच होते आणि घरच्यांनी मोठा भार उचलला. रोगराईच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणं आजवर जवळपास अशक्य होतं. जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय (आरव्हीसी) केंद्रातल्या विभागाला घोड्यांसाठी रोगमुक्त म्हणून मान्यता दिली. दार थोडं किलकिलं झालं आहे. आपल्या पिढीला त्याचा किती उपयोग होईल ते बघू, पण गोठ्याची स्वच्छता आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी यांचं महत्त्व त्यामुळे वाढलं आहे.

मग खान्देशात राहून पैसा कुठून काढायचा?

मला सगळ्यांत भरवशाची वाट दिसते ती मुलांना घोडेस्वारी शिकवण्याची. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथे पोहण्याचे, स्केटिंगचे, कराट्याचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. घोडेस्वारीचे तुरळक. याला उमदा, उड्या मारणारा घोडा नको. वयाने पोक्त, शांत स्वभावाचे दोन घोडे पुरतात. वीस बाय चाळीस मीटरची सपाट, मऊ मातीची जागा, भोवती कुंपण. प्रत्येक मुलाला मापाचं हेल्मेट आणि टाचेचे बूट. पालकांची सही असलेला कागद, अपघाताचा विमा. अर्ध्या तासाची पाळी, आणि एका घोड्यावर दिवसाला दोन-तीनच पाळ्या. पैसे महिन्याचे घ्या आणि आगाऊ घ्या. रोजचे सुटे घ्याल तर पावसाळ्यात वर्ग मोडेल. यात एक अडचण आहे. मुलांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात. त्यामुळे त्या दिवसांत वर्ग सकाळी सहा ते आठ, आठनंतर घोडा सावलीत. कुणी शेठ म्हणाला की आमच्या नातवाला दुपारीच वेळ आहे, तर नाही म्हणायला शिका. घोडा उन्हाने बसला तर तो नातू दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाईल.

वरातीचा पैसा रोख असतो आणि लग्नसराईत पटकन हातात येतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण डीजेच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांत रात्र काढलेली घोडी सकाळी मुलांच्या वर्गाला नेऊ नका, ती कधी बिथरेल सांगता येत नाही. सुपारी घेतानाच अटी कागदावर लिहून घ्या: फटाके लांब, पाठीवर एकच माणूस, वेळ ठरलेली. नवरदेवाचे मित्र घोडीवर चढायला लागले की तो कागद दाखवायचा.

ज्याच्या हातात कसब आहे अशा चाबूकस्वाराला दुसऱ्याच्या घोड्याची रेवाल बसवून देण्याचे पैसे मिळतात, आणि त्यात स्वतःचं भांडवल अडकत नाही. शहरात नोकरी करणाऱ्या हौशी माणसाचा घोडा महिन्याच्या ठरावीक पैशांवर सांभाळणं हेही तसंच. चित्रीकरणाला घोडा द्यायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, निर्मात्याने ती काढली आहे का हे बघून मगच घोडा टेम्पोत चढवा. लीद वाया घालवू नका, रावेर-यावलच्या केळीवाल्यांना खत लागतंच. पैदास मोठ्या प्रमाणावर करायची असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचाही समावेश आहे. एकटा माणूस, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, कलम ८ खालची कंपनी, सगळ्यांना भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. पण वर सांगितलेली चार वर्षं विसरून अर्ज करू नका. अनुदानावर शेड उभी राहते, घोड्याचा रोजचा तोबरा त्यातून भरत नाही.

पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय १९४६ पासूनचा. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत, तिथे त्यांच्या रक्तापासून सीरम बनायचं. ते पाहून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. ही सगळ्यांना जमणारी गोष्ट नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या घोड्याभोवती आणखी काय काय विकलं जातं, याकडे बघण्याची ती नजर घेण्यासारखी आहे.

आता पुरस्कर्त्यांकडे येऊ. आपल्याकडे पुरस्कर्ता शोधणं म्हणजे पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरणं, असा समज आहे. गणपतीच्या वर्गणीसारखे पाचशे-हजार जमतात, दुकानदार वैतागून देतो आणि पुढच्या वर्षी आपल्याला बघून आत जातो. तसं करू नका. एका कागदावर लिहा: स्वार कोण, घोडा कोणता, वर्षभरात कुठल्या ठिकाणी उतरणार, महिन्याचा खर्च किती, त्यातला किती आम्ही स्वतः कमावतो, आणि तुमच्याकडून नेमकं काय हवं. त्यातला कमाईचा आकडा महत्त्वाचा. कमाईचा आकडा असलेला कागद आणि नुसती मागणी असलेला कागद यांतला फरक व्यापाऱ्याला एका नजरेत कळतो. तो स्वतः रोज कमाई-खर्चाचा हिशेबच करत आलेला असतो.

आणि प्रत्येकाकडे रोकडच मागायची असं नाही. जळगावात डाळ मिल इतक्या आहेत. मिलवाल्याकडे हरभऱ्याची चुनी असते, महिन्याला दोन पोती देणं त्याला जड नाही. (चुनी कोरडी आणि बुरशी नसलेली हवी, आणि किती घालायची ते पशुवैद्यकाला विचारा.) पाइपवाल्याकडून कुंपणाचं सामान. ट्रान्सपोर्टवाल्याकडून यात्रेपुरती गाडी. औषध दुकानदाराकडून जंताची औषधं. सराफाकडे गेलात तर सणावाराच्या आधी जा, कारण त्याचं जाहिरातीचं गणित धनत्रयोदशी आणि अक्षय्य तृतीयेभोवती फिरतं. बदल्यात काय द्याल? खोगीराखालच्या कापडावर नाव, स्वाराच्या सदऱ्यावर नाव, वर्गाच्या फाटकावर पाटी, दर आठवड्याला मोबाइलवर एक छोटी चित्रफीत आणि दुकानाच्या वर्धापनदिनी घोडा दारात. परदेशात तर घोड्याच्या नावातच पुरस्कर्त्याचं नाव जोडायची सोय आहे.

मोठ्या कंपनीकडे जाताना एक फरक समजून जा. नाव झळकवण्यासाठी दिलेला पैसा हा जाहिरातीचा खर्च, तो सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत) धरता येत नाही, हे २०२१ पासून नियमात स्पष्ट आहे. सीएसआर ग्रामीण खेळांच्या, देशात मान्यता असलेल्या आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणासाठी मिळू शकतो. पण तो तुमच्या एकट्याच्या घोड्याला मिळणार नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था, १२ए आणि ८०जी ची नोंदणी आणि कंपनी खात्याकडचा सीएसआर-१ अर्ज लागतो. तालुक्यातल्या पाच-सात घोडेवाल्यांनी मिळून संस्था काढली आणि निदान तीन वर्षं असं काम चालवून दाखवलं तर हे जमतं. पण पाच-सात घोडेवाले एकत्र बसले आणि कुणाचा घोडा चांगला यावरून भांडण झालं नाही, असं होणं अवघड, हे मला ठाऊक आहे. जळगावात उद्योग आणि खेळ यांचं नातं नवं नाही. जैन इरिगेशनने क्रिकेट, कॅरम, बुद्धिबळ यांतल्या खेळाडूंना आधार दिलेला आपण पाहिला आहे. तो आधार शिस्त आणि सातत्य दाखवणाऱ्यांना मिळाला. घोडेवाल्यांनी तेवढं दाखवायचं आहे.

स्पर्धेची स्वप्नं असतील तर भारतीय अश्वारोहण महासंघाकडे स्वार आणि घोडा दोघांची नोंदणी करा. सरकारच्या भरवशावर सगळा डोलारा उभा करू नका. सारंगखेड्याच्या यात्रेच्या जोडीने भरणाऱ्या चेतक महोत्सवाला पर्यटन खात्याचा मोठा हात होता, आणि २०१९ च्या अखेरीस राज्य सरकारने त्याचं ३२१ कोटींचं कंत्राट रद्द केलं. यात्रा त्याच्या आधीही होती, नंतरही आहे. पण जो त्या महोत्सवाच्या तंबूंवर हिशेब बांधून बसला असेल, त्याची पंचाईत झाली असणार.

दोन प्रकारचे पैसे दारात आले तरी घेऊ नका. एक, सट्ट्याचे. परवाना असलेल्या रेसकोर्सबाहेर घोड्यावर पैज लावणं बेकायदा आहे, आणि गावच्या शर्यतीत एकदा सट्टेबाज शिरले की चांगला पुरस्कर्ता तिकडे फिरकत नाही. दुसरे, मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावरून ड्रीम ११ हे नाव उतरलं. क्रिकेट मंडळाला नवा पुरस्कर्ता मिळाला. तुम्हाला मात्र पोलीस ठाण्याच्या चकरा मिळतील.

याहून मोठं नुकसान चाबूक करतो. ब्रिटनची शार्लट डुजार्डिन ही ड्रेसाजमधली ऑलिंपिक विजेती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर एक जुनी चित्रफीत बाहेर आली. शिकवताना ती एका घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारत होती. तिला ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागली, वर्षभराची बंदी आली, पुरस्कर्ते सोडून गेले. आपल्या यात्रेत तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. घोडी नाचवण्यासाठी काटेरी लगाम वापरणारे अजून दिसतात. टोकदार, काटेरी लगाम वापरायला १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे, हे पुष्कळांना माहीतही नसतं. तोंडातून रक्त आलेल्या घोडीची चित्रफीत फिरली आणि खोगिरावर कुणा सराफाचं नाव असलं, तर तो सराफ पुन्हा कुठल्याच घोडेवाल्याला दारात उभा करणार नाही. एकाच्या क्रूरपणाची किंमत सगळे मोजतील.

आता शेठ मंडळी, तुमच्याकडे. यात्रेत दोन दिवस फ्लेक्स लावण्यापेक्षा एक स्वार वर्षभरासाठी धरा. सगळी रक्कम एकदम देऊ नका, तीन महिन्यांचे चार हप्ते करा आणि पैसे बँकेतून द्या. दर हप्त्याला त्याच्याकडून घोड्याची लसीकरणाची वही, नालबंदाची पावती आणि मोतद्दाराला पगार दिल्याची सही मागा. पहिल्या भेटीला घोडा दाखवायला सांगा आणि तोंडात कुठला लगाम आहे ते स्वतः बघा. हेल्मेट न घालता काढलेला एकही फोटो तुमच्या नावाने छापू देऊ नका. पोरीला आधार देत असाल तर करार तिच्या आईवडिलांना बसवून करा. आणि पहिला हप्ता मार्चमध्ये द्या. तेव्हा शेतातून दादर निघालेली असते, कडबा उतरलेला असतो, आणि हातात पैसे असलेला घोडेवाला आषाढापर्यंतची वैरण एकदम भरून ठेवू शकतो. तोच कडबा जूनमध्ये घ्यायला गेला तर तुमच्या हप्त्यातला चांगला हिस्सा नुसत्या वैरणीत जाईल.